तिखट सीफूड नूडल्स म्हणजे नॉगुरी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी दोन वर्षं कोरियात सुवनला होते, नोकरीसाठी. आता ठाण्यात परत आलेय आणि कोरियन नूडल्स इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायला लागल्यापासून मैत्रिणी, भाचरं, बिल्डिंगमधली कॉलेजची पोरं, सगळे मला तेच तेच विचारतात, तो काळा तुकडा काय आहे, पाणी किती, कोळंबी घातली तर चालेल का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. बहुतेक उत्तरं नॉगुरीबद्दल आहेत कारण तिखट सीफूड नूडल्समध्ये मी सगळ्यात जास्त तीच केलीये आणि खाल्लीये.

नॉगुरी म्हणजे नक्की काय?

नोंगशिम ह्या कोरियन कंपनीच्या इन्स्टंट नूडल्स, 1982 पासून आहेत, म्हणजे आपल्याकडे मॅगी आली साधारण त्याच सुमाराच्या. ज्या लाल पाकिटाच्या शिन राम्यनला (राम्यन म्हणजे कोरियन इन्स्टंट नूडल्स) सगळे ओळखतात ती नंतरची, 1986 ची. नॉगुरी हे एका प्राण्याचं नाव आहे, कोल्ह्यासारखा तोंडावर काळे पट्टे असलेला छोटा प्राणी, पाकिटावर त्याचंच चित्र असतं. कोरियन अक्षरातलं हे नाव उलटं धरलं की इंग्रजी आर, टी, ए असं दिसतं, आमच्या ऑफिसमधले परदेशी लोक तर त्याला आरटीएच म्हणायचे.

ह्या नूडल्स जाड असतात, उदोन ह्या जपानी नूडल्ससारख्या, पिठात बटाट्याचा स्टार्च असतो म्हणून चावताना रबरासारखी नाही पण छान ताण देते. कोरियन लोक ह्या चावण्याला जोलगित म्हणतात आणि त्यावर फार बोलतात, जसं आपण भाकरी मऊ झाली की कडक झाली ह्यावर बोलतो. तिखट आणि माइल्ड असे दोन प्रकार आहेत, घेताना पाकीट नीट वाचा.

समुद्राची चव येते कुठून? त्यात मासे तर दिसत नाहीत.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि बाकीची सगळी उत्तरं ह्याच्यावर उभी आहेत. सूपच्या पावडरमध्ये सीफूडची पावडर असते, पण नॉगुरीला नॉगुरी करतो तो आत टाकलेला वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा जाड तुकडा. कोरियन नाव दासिमा, जपानी नाव कोंबू. कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाला वांदो नावाची बेटं आहेत, तिथला दासिमा नावाजलेला आहे आणि नॉगुरीत तिथलाच घालतात.

1908 मध्ये किकुनाए इकेदा ह्या जपानी शास्त्रज्ञाने ह्याच शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढला आणि त्याच्या खमंग, खोल चवीला उमामी नाव दिलं. पुढे कळलं की ग्लुटामेटच्या जोडीला मासळीतले किंवा वाळवलेल्या मशरूममधले काही घटक आले की दोन्हींची चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पटीने वाढते. म्हणजे पाकिटात दासिमा आधीच आहे, त्याच्यासोबत तुम्ही खरी मासळी घातली की चव एकदम उघडते. म्हणून मी म्हणते ह्या नूडल्स सुधारायच्या तर मसाला वाढवू नका, समुद्र वाढवा.

तो काळा तुकडा खायचा की टाकायचा?

मी पहिल्या महिन्यात उचलून बाजूला ठेवायचे. आमच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक छोटं खाण्याचं दुकान होतं, चार टेबलं, पिवळ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात राम्यन मिळायचं. तिथल्या बाईंना सगळे इमो म्हणायचे. इमो म्हणजे आईची बहीण, म्हणजे आपली मावशीच, आपण खानावळीतल्या बाईंना मावशी म्हणतो अगदी तसंच. तर इमोने माझ्या ताटलीच्या कडेला पडलेला दासिमा बघितला, काही न बोलता ॲप्रनच्या खिशातून कात्री काढली, तुकडा चिमट्याने उचलून त्याच्या शेवयांसारख्या बारीक पट्ट्या कापल्या आणि परत माझ्या सुपात टाकल्या. अख्खा तुकडा चामड्यासारखा लागतो, पट्ट्या केल्या की कुर्रकुर्र लागतात आणि नूडल्सबरोबर तोंडात येतात. तेव्हापासून मी कधीच टाकला नाही.

कोरियातही काही जण खातात काही जण टाकतात, त्यामुळे नाही आवडला तर नका खाऊ, पण पाण्यात उकळल्याशिवाय फेकू नका. आणि त्याच्यावर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी नाहीये, धुवू नका, त्याच्यात चव असते.

पहिल्यांदा कशी करायची?

काहीही न घालता, पाकिटावर लिहिलंय तशी. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी ऐकत नाही. आधी मूळ चव माहीत नसेल तर आपण काय सुधारतोय हेच कळत नाही.

पाणी मोजून घ्या, 550 मिली. अंदाजाने घेऊ नका, आपल्याला मॅगीची सवय असते, दोन कप पाणी आटवून टाकायचं, इथे सूप प्यायचं असतं म्हणून शंभर मिली इकडेतिकडे झालं तरी सगळं बिघडतं. दासिमा थंड पाण्यातच टाका आणि जमलं तर दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग गॅस लावा. उकळी आली की भाज्यांची पुडी, पावडर आणि नूडल्स, मोठ्या आचेवर पाच मिनिटं. मधेमधे चिमट्याने नूडल्स उचलून वर हवेत धरायच्या आणि परत सोडायच्या, त्याने त्या ताठ राहतात, हे तिथे घरोघरी करतात. जाड असल्यामुळे शिनपेक्षा जरा जास्त वेळ लागतो, घाई केली तर आत पिठूळ राहते.

चव घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं?

आधी वाफ. तोंड भांड्यावर न्यायचं आणि नाकाने ओढायची, पहिल्यांदा मिरचीचा ठसका येईल, दुसऱ्यांदा ओढलीत की खाली ओल्या दोरीसारखा, बंदरावरच्यासारखा वास सापडतो, तो दासिमाचा.

मग नुसतं सूप चमच्याने. उकळतं पिऊ नका, एक-दोन मिनिटं थांबा, फार गरम असलं की फक्त तिखट आणि चटका कळतो. थोडं निवलं की आधी जिभेच्या टोकाला गोडसर-खारट, मग जिभेच्या मधे आणि गालांच्या आतून पाणी सुटतं ती उमामी, आणि तिखट सगळ्यात शेवटी घशापाशी. नॉगुरीचं तिखट शिनसारखं कपाळावर घाम आणणारं नाहीये, हळू येतं आणि राहतं. मग नूडल्स, त्या आवाज करत ओढून खायच्या, त्याने वास नाकात मागून जातो. भांडं निम्मं झालं की परत नुसतं सूप प्या. तोपर्यंत स्टार्च उतरून ते दाट झालेलं असतं आणि खारटपणा जास्त कळतो. पावडर पुढच्या वेळी किती कमी करायची हे ह्या दुसऱ्या घोटावर ठरवायचं, पहिल्यावर नाही.

मुलांना फार तिखट होतं, काय करू?

पावडर पाऊण घाला, इतकं सोपं आहे. पाणी वाढवू नका, त्याने तिखट थोडं कमी होतं पण समुद्र पार पातळ होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून वरून गार पाणी पिऊन काही होत नाही, दूध किंवा ताक द्या. दोन चमचे नारळाचं घट्ट दूध शेवटी घातलं तर तिखट गोल होतं आणि ते मासळीच्या चवीशी भांडत नाही, आपलं कोकणातलं जेवण तसंच तर असतं. त्यापेक्षा जास्त घातलं तर मात्र नॉगुरी राहत नाही.

कोणती मासळी घालू आणि कशी?

आता मुद्द्याचं. सगळी मासळी चालत नाही. बांगडा, तारली असली तेलकट मासळी सुपाला फार जड करते. ओला बोंबील विरघळून जातो. चांगली लागतात ती कवचातली आणि माकूल.

तिसऱ्या माझ्या एक नंबर. तुम्ही शिवल्या म्हणत असाल, तेच. मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवायच्या म्हणजे वाळू सोडतात, मग चोळून धुवायच्या. झाकणाच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी, तिसऱ्या टाकायच्या, तीन-चार मिनिटांत तोंडं उघडतात, ज्या उघडत नाहीत त्या फेकायच्या. ते पांढुरकं पाणी फडक्यातून गाळायचं आणि आपल्या 550 मिलीमध्ये धरायचं, म्हणजे एवढं तिसऱ्यांचं आणि बाकीचं साधं. ह्या पाण्यातच सगळं आहे. शिंपल्यांमध्ये सक्सिनिक ॲसिड असतं, त्याचीच ती खोल चव. तिसऱ्यांचं पाणी मुळात खारट असतं म्हणून पावडर दोन तृतीयांशच घाला, हे विसरलात तर खारट काढा होतो. तिसऱ्या स्वतः शेवटी वरून ठेवायच्या, परत उकळायच्या नाहीत. इमो शिनाणे घालायची, तिकडे ते भरपूर आणि स्वस्त, भांड्याच्या वर काळ्या शिंपल्यांचा डोंगर असायचा.

कोळंबी असेल तर सोलून नुसती टाकू नका, डोकी आणि सालं फेकली तर अर्धी चव फेकली. एक चमचा तेलात डोकी आणि सालं मध्यम आचेवर चार मिनिटं परता, चमच्याने डोकी दाबा, आतलं सगळं बाहेर येऊन तेल केशरी-लाल होतं, तो रंग तेलातच उतरतो पाण्यात नाही. दोन लसूण ठेचून, मग पाणी, पाच मिनिटं उकळून गाळायचं. आता ह्या पाण्यात दासिमा आणि नूडल्स. सोललेली कोळंबी शेवटच्या दीड मिनिटात, वाकून गुलाबी झाली की झाली.

माकूल घालायचा तर गोल चकत्या करून शेवटच्या मिनिटाला. मिनिट म्हणजे मिनिट, नाहीतर खोडरबर होतो. चिंबोरी असली तर तिच्या नांग्या ठेचून आधी पाण्यात उकळा, पण एकट्यासाठी एवढा खटाटोप मी करत नाही.

पावसाळ्यात काय, तेव्हा तर ताजी मासळीच नसते?

बरोबर, आणि असल्या नूडल्स खाव्याशा वाटतात त्या तेव्हाच. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बाजारात येतं ते बाहेरचं नाहीतर बर्फातलं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात भरलेला सुक्याचा डबा असतो ना. कोरियन लोक सूप सुक्या छोट्या मासळीवर आणि दासिमावरच करतात, म्हणजे सुकं घालणं ही काही आपली तडजोड नाहीये, तेच मूळ शास्त्र आहे.

सुकट मूठभर, कोरड्या तव्यावर मंद भाजायची, वास बदलतो तो क्षण पकडायचा, आधी ओला खारा वास असतो आणि मग एकदम शेंगदाण्यासारखा खमंग. मग चाळून मिशा आणि बारीक कण काढायचे आणि एकदा पाण्यातून काढायची. दासिमाबरोबर थंड पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळा. उकळताना जे आटतं तेवढं पाणी आधीच जास्त घ्या. सोडे असतील तर अजून गोड, सात-आठ पुरतात, पण महाग आहेत, नूडल्समध्ये घालायला आईने पहिल्यांदा दिलेच नाहीत. खारवलेलं असेल तर पावडर अर्ध्यावर आणा. खिडक्या उघडून भाजा, बाकी शेजाऱ्यांचं तुम्ही बघा.

लिंबू पिळू का?

पिळा, पण खाली उतरवल्यावर. मला आमसूल जास्त आवडतं आणि ते आईचं श्रेय आहे. ती आमच्याकडे आली होती तेव्हा मी सुकटीची नॉगुरी केली, तिने नूडल्सना हात लावला नाही, दोन चमचे सूप घेतलं, तोंडात धरलं, म्हणाली, "मनू, छान आहे गं, पण मागून कोणी धरलेलं नाहीये ह्याला," आणि उठून दोन आमसुलं धुवून टाकली. पाच मिनिटांनी परत प्यायलो तर खारटपणा मागे गेला होता आणि सुकटीचा वास पुढे आला होता. दोनच हं, जास्त झाली तर रंग काळपट होतो. व्हिनेगर नको, त्याचा वास सगळ्यावर बसतो.

गरम मसाला, मॅगी मसाला, चीज, अंडं?

गरम मसाला अजिबात नको. लवंग-दालचिनी आली की दासिमा संपला. मालवणी मसाल्याचंही तेच, तो माझा जीव की प्राण आहे पण त्याची जागा तिसऱ्यांच्या सुक्यात आहे. दुसरा कुठलाही टेस्टमेकर घालू नका, मीठ दुप्पट होतं.

चीज स्लाइस कोरियातही घालतात आणि शिनवर मला चालते, सीफूडवर नाही. दुधाचा वास समुद्राला झाकतो. अंडं चालेल पण फेटून ढवळू नका, सूप गढूळ होतं. शेवटच्या दोन मिनिटांत एका कडेला फोडून हलवायचं नाही, पिवळं तसंच राहू द्यायचं. कांद्याची पात, कोबी, मूग मोड आलेले नाही तर बीन स्प्राउट्स, जाड चिरलेला पांढरा कांदा हे सगळं मस्त. कोबीचा गोडवा विशेष.

जापागुरी काय प्रकार आहे?

जापागेत्ती ही नोंगशिमचीच काळ्या सॉसची नूडल, ती आणि नॉगुरी एकत्र केली की जापागुरी. कोरियात लोक आधीपासून करायचे, 2020 ला ज्या कोरियन सिनेमाला ऑस्कर मिळालं त्यात ती गोमांसाचे महागडे तुकडे घालून दाखवली आणि मग जगभर झाली. दोन्ही नूडल्स आणि दासिमा एकत्र उकळायचे, पाणी ओतून साधारण एक वाटी ठेवायचं, जापागेत्तीची पावडर पूर्ण आणि नॉगुरीची अर्धी, मग परतायचं. नॉगुरीची पूर्ण घातली तर खाववत नाही इतकी खारट. कोळंबीबरोबर फार सुंदर लागते.

नॉगुरी मिळाली नाही तर दुसरं काय?

जाम्पाँग लिहिलेलं बघा. ते कोरियातल्या चिनी हॉटेलांमधलं लाल सीफूड सूप, त्याच्या इन्स्टंट नूडल्स बऱ्याच कंपन्या काढतात, ओत्तोगीची जिन जाम्पाँग चांगली आहे. त्यात कढईत जाळल्यासारखा धुरकट वास असतो, म्हणून तिथे आधी कांदा-कोबी मोठ्या आचेवर करपवून मग पाणी घालायचं. थाई टॉम यम कोळंबीवाल्या नूडल्स पण छान असतात, पण त्यांचा जीव गवती चहात आणि लिंबात आहे, त्याला दासिमाचे नियम लावू नका.

तब्येतीचं काय?

रोज खायची गोष्ट नाहीये ही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ, आणि असल्या बऱ्याच पाकिटांत एकट्यातच दीड हजाराच्या वर असतं. पावडर दोन तृतीयांश आणि सूप अर्धं ठेवलं की बराच फरक पडतो, बीपी असेल तर हे कराच. दासिमात आयोडीन खूप असतं, थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो तुकडा खाऊ नये आणि उकळूही नये, आयोडीन पाण्यात उतरतं. कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर हे पाकीटच नको, मासळी दिसत नसली तरी पावडरमध्ये आहे.

शाकाहारी लोकांसाठी?

नॉगुरी शाकाहारी नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण बघा. पण दासिमा ही वनस्पतीसारखी गोष्ट आहे, तो सुटा ऑनलाइन किंवा कोरियन सामानाच्या दुकानात मिळतो. हिरवा ठिपका असलेली कुठलीही कोरियन नूडल घ्या, पाण्यात बोटाएवढा दासिमा आणि दोन वाळवलेली शिताके मशरूम भिजवा. शेवाळ आणि वाळवलेलं मशरूम ही तीच वाढवणारी जोडी आहे. सुशीचा पातळ नोरी वेगळा, त्याचं सूप होत नाही.

पाकीट उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला, चालेल?

नाही, फेका. ह्या नूडल्स पाम तेलात तळलेल्या असतात, उन्हात राहिल्या की खवट होतात, तारीख संपायच्या आधी सुद्धा. माझ्याकडे एकदा एका दुकानातून आणलेली पाच पाकिटं अशी निघाली, दुकानाच्या काचेपाशी दुपारचं ऊन यायचं तिथे रचलेली होती, तारीख अजून तीन महिने पुढची. दुकानदार घ्यायला तयार नव्हता, पैसे गेले आणि कोरियाहून आलेला दासिमा फुकट गेला ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. आता मी आतल्या सावलीतल्या रॅकवरचीच घेते आणि कोरडं पाकीट दुकानात हातात हलवून बघते, चुरा जास्त वाजला तर ठेवून देते.

उरलेल्या सुपाचं काय करायचं?

थंड भात. कोरियात नूडल्स संपल्या की उरलेल्या सुपात भात कालवतात, आणि भात गरम नको, कालचा हवा, गरम भात फुटून लापशी होते, थंड भाताचा दाणा सूप पितो पण उभा राहतो. सगळं सूप घेऊ नका, पाच-सहा चमचे पुरे. आपला इंद्रायणी जरा चिकट असतो, ह्याच्यासाठी कोलमपेक्षा बरा. वर दासिमाच्या पट्ट्या, असेल तर थोडी किमची, म्हणजे कोरियन आंबवलेली तिखट भाजी, नसेल तर कोशिंबिरीतला मुळा.